जवाईबुवाचा खांदा

मी घरजवाई होतो. गावी माही ना जमीन, ना झोपडी, म्हनून सासऱ्यानं लकडगंजात आपल्या घरी ठेवून घेतलं आन् आपल्यासंगं कामाले लावलं. काम एकच. लाकडाच्या टालातले सागाचे ओंडके खांद्यावर घ्याचे आन् आऱ्यापाशी नेऊन टाकाचे. तिथं रेल्वेच्या रुळाखाली टाकाचे सिलीपाट कापत. कामावरून गेलो तं घरातूनबी जाईन, हे मले कोनी सांगावं लागलं नाही.

देवानं मले अक्कल देली नाही ते ठीक हाय, पन उंची देतानाबी हात आखडला. पुढं सासरा, मागं मोठा साळा, दोघंबी ताडावानी. मधात मी. ओंडका त्याइच्या खांद्यावर, आन् माह्या खांद्यावर चार बोटं हवा. हात वर करून मी नुसता चालो. बरं दिसत नाही म्हनून कन्हो, "मेलो रे बाप्पा!" ते दोघं म्हनत, "हईशा!" त्या तालावर पाय चांगले पडत. साऱ्या टालात माहं कन्हनं गाजलं होतं.

एक दिवस साळा बोललाच, "जवाईबुवा लाकडाच्या सावलीनं चालून राहिले. ऊन तं लागत नसन ना?"

सासरा जवाईले तोंडावर बोलत नाही, रिवाज हाय. त्यानं पोरीले सांगितलं. बायकोनं जुन्या लुगड्याची जाड चुंबळ केली आन् माह्या खांद्यावर करकचून बांधली.

"आता पुरते का नाही पाहतेच," म्हने.

पुरली. चार बोटं पाह्यजे होते, तिनं सहा केले. ओंडका उचलला तं सारं झाड माह्यावरच आलं. सोडताबी येत नाही, मधातल्यानं खांदा काढला का बाकीच्याचे पाय गेले. मान तिरपी, डोळ्यापुढं सासऱ्याची पाठ.

"मेलो रे बाप्पा!" मी खरंच म्हनलं.

"हईशा!"

"थांबा मामाजी! मेलो!"

"हईशा!"

त्याइचे खांदे हलके झालेले, ते पळालेच. मी जितका बोंबललो तितके जोरात. मंग दात आवळून चूप बसलो, तं मागून साळा वरडला, "काहून चूप झाले जवाईबुवा? ताल गेला ना!"

आऱ्यापाशी ओंडका टाकला आन् मी त्याच्याच बाजूले पडलो. सासरा जवळ आला. रिवाज मोडून पहिल्यांदा माह्याशी बोलला, "आज आवाज चांगला लागला. रोज असाच लावा."

मंग हाताले धरून उठवलं आन् दुसऱ्या ओंडक्याकडं घेऊन गेला. मले काढाचं तं त्याच्या मनातबी नव्हतं.