आबांचा ठिपका

साताऱ्यात एका साखर कारखान्याच्या शेती विभागात मी बसते. समोरच्या पडद्यावर सगळ्या ऊस उत्पादकांचा नकाशा, माणसागणिक एक ठिपका. त्याला विचारायचं ते बोटानेच. कोरेगावभोवती गोल काढला की तेवढेच शेतकरी उरतात, वयाची पट्टी सरकवली की तरुण विझतात आणि म्हातारे राहतात. ज्याच्या मोबाईलमध्ये कारखान्याचं ॲप आहे, तो या क्षणी कुठे आहे तेही दिसतं.

एकदा चाळा म्हणून पट्टी पार नव्वदीपुढे ओढली. नकाशा रिकामा व्हायला हवा होता. झाला नाही. बांधाबांधाने ठिपके हलत होते. मला भुताखेतांची हौस नाही, पण अंगावर काटा आला. त्यातली बरीच माणसं कधीच गेली होती. आपल्याकडे बाप गेला तरी उसाची नोंद त्याच्याच नावावर राहते, आणि सिमही. तोडणीचा मेसेज त्यावरच येतो ना! मशीन बापडं त्यांची वयं वाढवत बसलेलं.

त्यात माझे वडील, आमचे आबाही होते. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर फक्त त्यांच्याच नंबरावरून फोन केला की चालू होतो, म्हणून ते गेल्यावर आई त्यांचा मोबाईल वापरायची. हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी दुपारी ठिपका घरातून निघून विहिरीपाशी थांबला की मी डबा बाजूला सारून बघत बसायचे. आईला एकदा बोलूनही गेले, "आबा रानात हिंडताना दिसतात गं."

पुढे ऊस तुटला, रान नांगरून पडलं. पाणी पाजायला काही उरलं नाही. ठिपका मात्र त्याच वेळेला निघे आणि विहिरीवर बसून राही. मला ते बघवेना, आणि बंदही करवेना.

हंगाम सरला तसं साहेबांनी फर्मावलं, मयतांची नावं आजच्या आज काढा, वारस सवडीने लावू. मी एकेक काढत गेले, शिवार विझत गेलं. विहिरीवरचा ठिपका तेवढा उरला. तो पुसला की आबा इथूनही जाणार, या भीतीने हात चालेना. शेवटी त्याच नंबरावर फोन लावला. बराच वेळ नुसता वारा ऐकू आला. मग आईचा आवाज.

"दिसलं न्हवं तुला?"

"आई, तू या उन्हात रानात काय करतेस?"

"आबा दिसत्यात म्हनलीस न्हवं? म्हून ह्यो मोबाईल घिऊन येती रोज. गुडघं लय दुखत्यात, पर तू वाट बघत आसशील."

मला रडू आवरेना. "घरी जा," एवढंच म्हणाले. मग आबांचं नाव काढून त्या नंबरापुढे आईचं नाव घातलं.

ठिपका घराकडे निघाला. दोन पावलं टाकून थांबत होता, पुन्हा निघत होता. आबा तर झपाझप चालायचे. इतके दिवस रोज बघूनही ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.