तेलाच्या भोकातली विभूती

ईरम्माची मशीन सकाळी अडली. चाक हातानं फिरवलं की अर्धा फेरा घ्यायचं आणि गच्च. पायानं रेटलं तर पट्टाच घसरला. बाजाराला न्यायची सात पदरांची वाकळ सुईखाली निम्मी शिवून अडकलेली. ईरम्मा तशीच स्टुलावर बसून राहिली. चिडायलाही अंगात काही उरलं नव्हतं.

नवरा गेल्यापासून पंचवीस वर्षं हीच पायमशीन. जुनी लुगडी, चादरीचे तुकडे, थरावर थर. त्यावर घर चाललं, आणि ‘बिचारी’ म्हणणाऱ्याला तिनं दारात उभं केलं नाही. आता वळसंगहून लेक चंद्रिका रोज फोनवर मागं लागायची, "अव्वा, मशीन विक अन् हिकडं ये की." तिथं भाकरी मिळाली असती, पण भाकरीबरोबर विहिणीचं तोंडही रोज बघावं लागलं असतं. मशीन चालली तर सोलापूर, नाही तर वळसंग.

दुपारी राजेसाब आला. सायकलला पेटी बांधून गल्लोगल्ली मशिनी दुरुस्त करणारा म्हातारा. त्यानं मशीन उलटी केली आणि बॉबिनखालून सुताच्या तुसांची दाट गादीच उपसली.

"अक्का, हितं तर उशी निघाली की!"

"घरी ने आन् झोप तिच्यावर."

"साफ कधी केलती?"

"वाकळा शिवू, का मशीनच्या नाकात बोटं घालत बसू?"

राजेसाब हसला. रॉकेल हल्ली मिळत नाही, म्हणून त्यानं डिझेलनं दाते धुतले. मग वरच्या तेलाच्या भोकात तार घातली. तार राखाडी चिखल घेऊन बाहेर आली. त्यानं तो अंगठ्यावर चोळला. खरखरीत लागला. त्यानं वर पाहिलं. भोकाच्या अगदी वर तीन पांढऱ्या रेघा होत्या, आज सकाळच्याच.

त्यानं तार पुसली, परत पुसली.

"बोल की. मशीन दुरुस्त करायला आलास, का मौनात बसायला?"

"राग धरू नको अक्का. मी मुसलमान मानूस. माझ्या तोंडी बरं दिसत न्हाय."

हल्ली असंच झालंय. खरं बोलायच्या आधी माणूस स्वतःचा धर्म तपासून बघतो.

"तोंड तुझं, मशीन माझी. बोल!"

"तू रोज विभूती लावतीस. ती झडती, तेलात कालवती अन् आतनं शाफ्टाला घासती. शाफ्ट ज्यात फिरतो तो बुश पार झिजलाय."

रोज लिंगपूजा झाली की ओल्या तीन बोटांनी ती आधी मशीनला विभूती लावायची, मग स्वतःच्या कपाळाला. पोटाला घालणारीचा मान पहिला. ईरम्माला राजेसाबचा राग आला, मग देवाचा, मग स्वतःचा. शेवटी रागही दमला.

"आधी का न्हाय सांगितलंस?"

"चार-चार सालं बोलावत न्हाईस. बंद पडली की माझी आठवण!"

"बुश मिळंल नवा?"

"ह्या जुन्या मशीनचा? न्हाय. पत्रा घालून घट्ट करून देतो. पण आता सात पदर वढायची न्हाय. तीन. लई झालं तर चार."

तीन पदरांची वाकळ नसते, दुपटं असतं. आणि मोहोळपर्यंतच्या बाया तिला वाकळवाली म्हणून ओळखत होत्या.

चार वाजता चाक फिरलं. कण्हत, पण फिरलं. राजेसाब गेल्यावर ईरम्मानं वाकळ मांडीवर घेतली आणि कात्रीच्या टोकानं सकाळची शिवण उसवायला लागली. एक ओळ उसवायला शिवण्याच्या तिप्पट वेळ. बोटं दुखत होती. सात पदर सुटले, तशी तिनं तीन इकडं ठेवले, चार तिकडं.

फोन वाजला. चंद्रिकाच.

"काय ठरवलंस अव्वा? कधी येतीस?"

"येत न्हाय. दुपटी शिवणार हाय. तुमच्या गावात कोण पोटुशी असंल तर नाव सांगून ठेव."

"अगं, पण तुझे गुडघे..."

"नावं सांग," ईरम्मा म्हणाली, आणि पहिले तीन पदर सुईखाली सरकवले.