बिनखुंट्यांचा तंबू

आमच्या काकू जेवायच्यासुद्धा उभ्यानं. ताटली डाव्या हातात, घास उजव्या हातात आणि पाय स्वयंपाकघरातून अंगणाकडे, अंगणातून गराजकडे. फोनवर बोलताना घराला प्रदक्षिणा चालू. गाडीत शेजारच्या सीटवर बसवलं तर तिथे नसलेला ब्रेक पायानं दाबत राहायच्या आणि सिग्नलला "चल, चल, हिरवा झाला" म्हणून माझ्या गुडघ्यावर चापटी मारायच्या. कुणी "काकू, जरा बसा हो" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "बसायला म्हातारपण पडलंय की!" त्या साठीच्या पुढे गेल्यात हे त्यांना सांगायची कुणाची छाती नव्हती. ह्या गोष्टीनंतर काही वर्षांनी त्या गेल्या तेव्हा मी दुसऱ्या राज्यात, अल्फारेटाला होतो. झोपेतच गेल्या म्हणे. मला ते चित्र अजून डोळ्यांपुढे आणता येत नाही.

टेक्सासातल्या अर्विंगमधली आम्ही सगळी मराठी पोरं त्यांना गराजसेल काकू म्हणायचो, तेही तोंडावर. काका डॉक्टर, जुन्या काळी सांगलीहून आलेले आणि आता रिटायर्ड. अमेरिकेत लोक शनिवारी सकाळी घरातलं जुनं सामान गराजमध्ये मांडून विकतात, आणि काकू तिथे मालकिणीच्याही आधी हजर. पुण्याहून, नागपुराहून कुणी नवा पोरगा दोन बॅगा घेऊन आला की पुढच्या शनिवारी त्याचं अपार्टमेंट लागलंच म्हणून समजा. माझी गादी, माझा दिवा, माझी कढई, सगळं काकूंनी उचलून आणलेलं.

त्यांचा एक नियम होता. वस्तू का विकताय, हे विचारल्याशिवाय घ्यायची नाही. त्या सांगलीच्या वळणाच्या इंग्रजीत थेट विचारायच्या, "व्हाय यू आर सेलिंग?" आणि समोरची बाईही, काय जादू होती कोण जाणे, सगळं सांगत बसायची. मुलं कॉलेजला गेली, लहान घर घेतोय, नवीन आणलं, अशांकडचं घ्यायचं. डिव्होर्सवाल्यांच्या घरचा चमचासुद्धा नाही. "भांडणाचं सामान आणलं की भांडण मागोमाग येतं," असं त्यांचं म्हणणं.

काकूंना एकच मुलगी, नंदू. ती डॉक्टर होणार अशी काकांची खात्री होती, आणि ती फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिनच, वाजवत एका बँडबरोबर गावोगाव हिंडायला लागली. काकांनी तो विषयच सोडून दिला. काकू मात्र भेटेल त्याला कौतुकानं सांगायच्या. तरीही मायलेकींमध्ये कुठेतरी एक गाठ होती. ती मला कळली एका रविवारी, त्यांच्या डायनिंग टेबलापाशी. नंदू ऑस्टिनहून आलेली होती. मे महिन्यात तिकडच्या टेकड्यांमध्ये एक मोठा म्युझिक फेस्टिव्हल भरतो, तिथे तिच्या बँडला स्टेज मिळालं होतं. आणि तो झाला की सगळा बँड पार लांब ओरेगनला राहायला जाणार होता.

"मी येणार," काकू म्हणाल्या.

"आई, प्लीज डोंट," नंदू म्हणाली. "तू येशील, सगळ्यांना खायला घालशील, कुणाचा तरी टेंट लावून देशील, अँड यू विल मिस इट. यू ऑलवेज मिस इट."

"अगं, तुझ्या एकूण एक कार्यक्रमाला आलेय मी!"

"आलीस. बसली नाहीस. शाळेच्या कॉन्सर्टला तू पार्किंगमध्ये गाड्या लावून देत होतीस. रिसायटलला किचनमध्ये. मी स्टेजवरून तुला शोधायचे, आई. खुर्चीवर तुझी पर्स असायची."

काकू तेव्हाही सिंकपाशी उभ्या होत्या. त्यांनी नळ बंद केला, हात पुसले आणि म्हणाल्या, "या वेळी बसेन. शेवटपर्यंत बसेन." नंदू हसली, पण तिचा विश्वास बसलेला नव्हता. मला दोघींची दया आली. कारण काकूंचं मी पाहिलेलं होतं. इथल्या मराठी मंडळाच्या नाटकाला इकडे पहिला अंक चालू असतो आणि तिकडे किचनमध्ये इंटरव्हलचे वडे तळले जात असतात. काकू वर्षानुवर्षं त्या कढईपाशी. माया करायची म्हणजे खपायचं, एवढंच त्या बाईला ठाऊक. पोरीला नुसतं ऐकणारं कुणीतरी हवं होतं.

त्या दिवसांत मी बेंचवर होतो. म्हणजे कंपनीकडे प्रोजेक्ट नव्हता आणि मी घरी फोनची वाट बघत होतो. मलाही घर खायला उठलेलं. काकूंनी फर्मावलं, "विजू, तू चल. गाडी तू चालव, सामानाचं मी बघते." काका पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "मी मातीत झोपायला अमेरिकेत आलेलो नाही." फेस्टिव्हलच्या आसपासची हॉटेलं केव्हाच भरली होती. राहायचं तर तिथल्याच माळावर, तंबू लावून.

आता तंबू आणायचा कुठून? नव्या सामानाच्या किमती बघून मी दुकानातून आल्या पावली परत फिरलो. माझ्या रूममेट्सनी नेहमीचा मार्ग सुचवला, "इतकं काय यार! टेंट विकत घे, वीकेंडला वापर, सोमवारी रिटर्न कर. इथे कुणी विचारत नाही." आमच्यातले कित्येक जण तेच करायचे, खोटं कशाला बोलू? मी ते काकूंना सांगितलं मात्र, त्या भर गराजमध्ये कडाडल्या, "म्हणजे आपण वापरायचं आणि ते नवं म्हणून दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं? उष्टं वाढतात का रे कुणी पाहुण्याला?"

"मग गराजसेलचं उष्टं नाही का?" मी विचारलं.

"ते सांगून-सवरून दिलेलं असतं. ह्यात लबाडी आहे." विषय संपला.

मग आमचे शनिवार सुरू झाले. अर्विंग, त्याच्या पलीकडची गावं, पार फ्रिस्कोपर्यंत. चौकातल्या खांबांवर चिकटवलेल्या पुठ्ठ्यांवरचे बाण वाचत मी गाडी चालवायचो आणि काकू चालत्या गाडीतच दार उघडायला बघायच्या. शेगडी मिळाली, कंदील मिळाला, बर्फ ठेवायचा कूलर मिळाला, झाकण थोडं वाकडं होतं, पण मिळाला. स्लीपिंग बॅगा एका चर्चच्या सेलमध्ये मिळाल्या. काकूंनी त्या गरम पाण्यात दोनदा धुतल्या आणि पुढच्या कुंपणावर वाळत घातल्या. असले कपडे दिसायला नकोत, असं शेजाऱ्यांनी कळवलं. काकूंनी त्यांना भजी नेऊन दिली आणि बॅगा तशाच ठेवल्या.

तंबू काही मिळेना. आणि मिळाला तेव्हा काय झालं ऐका! फ्रिस्कोमध्ये एका घरासमोर अगदी कोरा तंबू, पिशवीतून बाहेरही न काढलेला, मातीमोल भावात. मी पैसे काढले. काकूंनी विचारलंच, "व्हाय यू आर सेलिंग?" ती बाई म्हणाली, नवरा हा तंबू घेऊन हनिमूनला नेणार होता, आता वकिलाकडूनच बोलतो. काकूंनी तंबू खाली ठेवला. मी तंबूकडे बघितलं, काकूंकडे बघितलं. "काकू, आपल्याला दोन रात्री झोपायचंय, संसार नाही थाटायचा!" पण नाहीच. गाडीत बसल्यावर मी दार धाडकन लावलं, इतका चिडलो होतो. काकू बाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "नंदूकडे जाताना ते नको रे. आमचं आधीच थोडं आहे का?"

शेवटी फेस्टिव्हलच्या आदल्या शनिवारी एका निवृत्त मास्तरांकडे तंबू सापडला. हिरवा, जाड कापडाचा, डांबरगोळ्यांचा वास मारणारा आणि एवढा मोठा की मधे चादर टांगली की दोन खोल्या व्हाव्यात. मुलं मोठी झाली म्हणून विकत होते, म्हणजे काकूंच्या परीक्षेत पास. फक्त खुंट्या नव्हत्या. मास्तरांनी त्या टोमॅटोच्या रोपांना आधार म्हणून पुरल्या होत्या आणि टोमॅटो धरले होते. लागलेलं झाड हलवू नका, असं काकूंनीच त्यांना सांगितलं. वर टोमॅटो घेऊन आल्या.

काकूंच्या परसात आम्ही तंबू लावून पाहिला. खुंट्यांऐवजी काकूंनी पाण्याचे मोठे भरलेले डबे चारी बाजूंना ठेवले आणि वाळत घालायच्या दोरीनं तंबू त्यांना बांधला. "बघ, हलतोय का!" काका व्हरांड्यातून म्हणाले, "हलेल, हलेल. तुझ्याच हातचा आहे." पण शुक्रवारी आम्ही निघालो तेव्हा त्यांनी गाडीपर्यंत येऊन एक पाकीट माझ्या हातात दिलं आणि हळूच म्हणाले, "नंदूला दे." आत काय होतं, मला माहीत नाही.

रात्री माळावर पोचून आम्ही तंबू त्याच भरलेल्या डब्यांना बांधला. नंदूचा कार्यक्रम शनिवारी दुपारी होता. सकाळी मी जागा झालो तो काकूंच्या आवाजानं. शेगडी पेटलेली, पोह्यांचा वास सुटलेला आणि शेजारच्या तंबूंतली माणसं कागदी प्लेटी घेऊन रांगेत उभी. एक लांब केसांचा मँडोलिनवाला, एक तान्ह्या बाळाची आई, दोन कॉलेजच्या पोरी. सगळ्यांची "आँटी" झालेली. मग चहा. आल्याचा चहा एकदा झाला, दुसऱ्यांदा झाला, कुणीतरी लांबच्या तंबूतून आपला कप घेऊन आलं. मी सारखा घड्याळ बघत होतो. नंदू म्हणाली होती तस्संच चाललं होतं, अगदी शब्द न् शब्द. चहाला एवढं पाणी कुठून आलं, हे मला विचारायला सुचलं नाही. सुचायला हवं होतं.

"काकू, चला आता!"

"आले, आले. एवढी शेगडी पुसते."

अखेर मी त्यांच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि त्यांना जवळजवळ ओढतच नेलं. स्टेजसमोरच्या उतारावर चादर अंथरली. बसताना काकू म्हणाल्या, "विजू, माझी ओढणी धरून ठेव. उठायला लागले तर सोडू नकोस." त्यांचा चेहरा बघून मला हसता आलं नाही.

नंदू स्टेजवर आली. लाल शर्ट, केस घट्ट बांधलेले. ती फिडल जुळवत होती आणि नजर लोकांमधून फिरवत होती. आम्ही दिसलो तशी ती थबकली, पण हसली नाही. अजून खात्री नव्हती तिची.

पहिल्या गाण्यात काकू दोनदा उठायला गेल्या. एकदा मागे एक पोर रडायला लागलं म्हणून, एकदा कुणाचं तरी पाणी सांडलं म्हणून. दोन्ही वेळा मी ओढणी खेचली. दुसऱ्या गाण्यात त्यांचे हात मांडीवर चुळबुळत होते, निवडायला काही नसताना गवत निवडत होते. तिसऱ्याच्या वेळी हात थांबले.

आणि वारा सुटला. टेक्सासचा वारा, सांगून येत नाही. स्टेजच्या बाजूच्या उतारावर सगळे तंबू फडफडायला लागले. त्यातला एक हिरवा तंबू एका बाजूनं उचलला गेला, मग दुसऱ्या बाजूनं. आणि बघता बघता गडगडत निघाला. तेव्हा मला उमगलं, चारी डबे रिकामे होते! सगळं पाणी लोकांच्या पोटात चहा होऊन गेलं होतं. तिकडे माणसं ओरडत धावत होती. एवढे शनिवार, एवढी वणवण, आणि तो तंबू ओढ्याच्या दिशेनं चाललाय! मी ताडकन उठलो.

काकूंनी माझा हात धरून मला खाली बसवलं. "बस खाली."

"काकू, अहो, आपला तंबू..."

"दिसतंय मला. जाऊ दे. बस."

त्यांना सगळं दिसत होतं. पडलेला चमचा न उचलता पुढे गेली नसती अशी बाई ती. माझ्या मनगटावर त्यांची नखं रुतली होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तंबूचं की गाण्याचं, मला काय ठाऊक! पण मान तिकडे वळली नाही. नंदू वाजवत होती आणि काकू तिच्याकडे बघत होत्या. शेवटचं गाणं वेगाचं होतं, लोक उभे राहून नाचायला लागले. त्या सगळ्या गर्दीत काकू एकट्या बसलेल्या.

कार्यक्रम संपल्यावर नंदू फिडलची पेटी घेऊन उतार चढून आली. घामेजलेली, ओठ घट्ट मिटलेले. दोन पावलांवर उभी राहिली आणि जरा तुटकपणे म्हणाली, "सो? कुठपर्यंत होतीस?"

काकूंनी ओढणीनं डोळे पुसले. "शेवटच्याला घाई केलीस गं," त्या म्हणाल्या. "मधे ते सावकाश येतं ना, तिथे जरा थांबायला हवं होतंस. मला आवडायला लागलं होतं ते, आणि तू पळालीस पुढे."

नंदू आईकडे बघत राहिली. तिनं पेटी गवतात ठेवली आणि स्वतः काकूंच्या शेजारी गुडघे पोटाशी घेऊन बसली. म्हणाली, "आणि त्याच्या आधीचं?"

"आधीचं सांगते. पहिल्यापासून सांगते," काकू म्हणाल्या.

मी काकांचं पाकीट नंदूच्या हातात दिलं आणि तंबू शोधायला गेलो. तो ओढ्याकाठच्या तारेच्या कुंपणात अडकला होता, एका बाजूनं पार फाटलेला. मँडोलिनवाल्याच्या मदतीनं तो सोडवून, गुंडाळून, गाडीत टाकून मी परत आलो. लोक पुढच्या कार्यक्रमाला दुसऱ्या स्टेजकडे निघून गेले होते. उतार रिकामा झाला होता. काकू अजून तिथेच बसल्या होत्या.