शेवंतीच्या वर्षाची रेघ

नामाबाबांना कुणी शास्त्रज्ञ म्हटलं असतं तर ते हसत सुटले असते. पण आमच्या संस्थेत पंख्याखाली बसून समुद्रावर बोलणाऱ्या सगळ्या डॉक्टरांपेक्षा त्या कोळ्याला खाडी जास्त कळत होती. हे मी आज सांगतेय. सांगायची वेळ होती तेव्हा मी गप्प बसले.

कळव्याच्या खाडीकाठी कोळ्यांची साठेक घरं आहेत. गावदेवीच्या देवळापासून दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. १९९१ साली नारळी पुनवेच्या उधाणाला पाणी नेहमीपेक्षा वर चढलं आणि नामाबाबांची बांधलेली होडी दोर तोडून गेली. दुसरा कुणी नशिबाला बोल लावून मोकळा झाला असता. यांनी छिन्नी घेतली आणि पाणी जिथवर चढलं होतं, तिथे पायऱ्यांच्या कडेच्या भिंतीवर रेघ कोरली, खाली साल घातलं. मग दरवर्षी नारळ सोडून झाला की पाणी उतरायला लागेपर्यंत तिथेच बसायचं आणि शेजारी नवी रेघ मारायची. एखाद्या वर्षी पाणी कमी चढायचं. ती खालची रेघही ते तेवढ्याच निगुतीने कोरायचे. हे मुद्दाम सांगते, कारण सोयीचं तेवढंच दाखवणारी माणसं मी नंतर पुष्कळ पाहिली.

मी त्यांच्याकडे गेले २०२२च्या दिवाळीनंतर. मी दर्शना, राहणार टिटवाळा, एका संशोधन संस्थेत कंत्राटी सहायक. एका तेल कंपनीला त्या खाडीकाठी टाक्या बांधायच्या होत्या आणि त्यासाठी मोठा भराव घालायचा होता. खाडीची पातळी वाढत असेल, तर भराव पडल्यावर पाणी कोळ्यांच्या घरात शिरणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणून ‘पातळी वाढतेय का’ हा अभ्यास आमच्या संस्थेकडे आला. त्याचा खर्च करणार तीच तेल कंपनी, आणि आमच्या नियामक मंडळावर त्या भागाचे आमदारसाहेब. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. मला वाटलं, टाळ्या साहेब लोक वाजवोत, मोजमाप तर माझ्या हातात आहे.

दोन दिवस बसून मी एकतीस रेघा मोजल्या. पहिल्या काही वर्षांच्या मानाने अलीकडच्या रेघा वीतभर वर गेल्या होत्या. त्यात गाळाचा वाटा किती आणि समुद्राचा किती, ते शोधायलाच तर अभ्यास होता. मध्ये एक जागा मात्र कोरी होती. २००९.

“बाबा, हे वर्ष?”

“त्या सालाला माजी शेवंती गेली. पुनवेच्या आठ दिस आधी. सुतकात गावदेवीच्या पायरीला हात लावत नाय, बाय.”

“मग पाणी कुठवर आलं ते कुणी बघितलंच नाही?”

“शेजारच्या धोंडिबान बगला. बोलला, हितवर आलता, मार रेघ. पन जे मी बगलाच नाय, ते कोरू कसा?”

आमच्या घरात सुतक पाळत नाहीत. बाबासाहेबांनी ते ओझं उतरवलं. तरी त्या कोऱ्या जागेपुढे मला मान झुकवावीशी वाटली. परत येऊन मी तक्त्यातल्या शेऱ्याच्या रकान्यात जसंच्या तसं लिहिलं: ‘२००९ – पत्नी शेवंती यांचे सुतक असल्याने नोंद घेतली नाही.’ वाचणाऱ्याला कळेल, माणूस किती सचोटीचा आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फक्त हात माझा होता आणि अवलक्षण त्यांच्या नशिबी आलं.

अहवालाचा मसुदा आला तेव्हा त्यात रेघांचं प्रकरणच नव्हतं. मी आमच्या प्रमुखांकडे, साकेत सरांकडे गेले.

“दर्शना, पाणी वाढत नाही असं आपण कुठे म्हणतोय?” ते शांतपणे म्हणाले. “अजून नक्की सांगता येत नाही, एवढंच म्हणतोय.”

त्या दिवशी मला हा धंदा कळला. तेलवाल्यांना काही खोटं सिद्ध करायचं नसतं. ‘अजून नक्की सांगता येत नाही’ एवढं वाक्य त्यांना मिळालं की टाक्या उभ्या राहतात.

ठाण्यात एका सभागृहात जनसुनावणी झाली. कोळीवाड्याच्या वतीने नामाबाबा उठले, इस्त्रीचा सदरा घातलेले, आणि म्हणाले, “माज्या रेघा बगा. मंग भराव टाका.” व्यासपीठावर आमदारसाहेबांशेजारी बसलेल्या कंपनीच्या तज्ज्ञाने हसून एक कागद उचलला. माझाच तक्ता. अहवालातून गळला होता, पण कंपनीकडे पोचला होता. माइकवर त्याने माझा शेरा वाचला. “पत्नी शेवंती यांचे सुतक! मंडळी, सुतक पाळून समुद्र मोजतात का?” पुढच्या खुर्च्या खदखदून हसल्या. आमदारसाहेबही हसले. मेलेल्या बाईचं नाव त्या हसण्यात लोळत होतं. नामाबाबांनी भाषण करणाऱ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी तिसऱ्या रांगेत माझ्याकडे पाहिलं.

मी उठले नाही. माझं कंत्राट दर मार्चमध्ये साकेत सरांच्या सहीने वाढतं. कारण एवढंच, आणि ते सांगताना मला माझीच चीड येते. बाबांनी २००९ची खोटी रेघ मारली असती तर बत्तीस वर्षांच्या सलग नोंदी म्हणून त्याच लोकांना त्या नाकारणं जड गेलं असतं. खरं बोलला म्हणून माणूस बाद झाला.

भराव पडला. गावदेवीच्या पायऱ्यांवर आमदारनिधीतून नवा विसर्जन घाट झाला. भिंतीला चकचकीत फरशा बसल्या, सगळ्या रेघा आत गेल्या.

पुढच्या नारळी पुनवेला मी गेले. पिशवीत नवी छिन्नी आणि हातोडी होती. उधाणाचं पाणी फरशा ओलांडून उद्घाटनाच्या दगडी पाटीला लागलं होतं आणि कडेच्या चार घरांच्या उंबऱ्यांत शिरत होतं. नामाबाबा देवळाच्या ओट्यावर बसले होते. हात रिकामे होते.

मी छिन्नी पुढे केली. “बाबा, कोरा. पाटीवरच कोरा. मी आहे.”

“मना सुतक हाय.”

“कोण गेलं?”

त्यांनी फरशांकडे पाहिलं.

“ते तुज्या रकान्यान लिव,” ते म्हणाले. “तुना चांगला लिवता येतंय.”