आत्याची बाजू

आमची मोरव्याची आत्या कुणाच्याही घरी गेली आणि तिथे गोधडी दिसली, की आधी ती उलटी करून बघायची. खाली बसायच्या आधी, पाण्याचा पेला हातात यायच्या आधी. खालच्या बाजूला गाठी दिसल्या, दोरा ढिला दिसला, की तिचा चेहरा खुलायचा. काहीच सापडलं नाही तर मात्र ती गोधडी परत सरळ करायची नाही. तशीच टाकून द्यायची आणि म्हणायची, “बरी आहे.” आत्याच्या तोंडून ‘बरी आहे’ निघालं, की समजायचं, हिच्या पोटात दुखायला लागलंय.

सगळ्यात जास्त दुखायचं ते आमच्या घरी. कारण माझी आईही गोधड्या शिवायची.

आम्ही नवघरला राहायचो. बाबा स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात कामाला. आत्या त्यांची धाकटी बहीण, लग्न होऊन रेल्वेच्या पलीकडे, मोरव्याला गेलेली. दिवाळी उरकली की आई माळ्यावरून जुन्या साड्या, बाबांचे लेंगे, माझे आखूड झालेले फ्रॉक काढायची. पलंग भिंतीला उभा करून हॉल मोकळा करायची. खाली एक अख्खी साडी, वर एक अख्खी साडी, मध्ये चिंध्यांचे थर. ते हलू नयेत म्हणून मोठे कच्चे टाके, आणि मग काठाकडून मध्याकडे सरकत जाणारा धावदोरा. ही सगळी मांडामांड झाली, की आत्या न बोलावता हजर व्हायची. “माझ्या भावाच्या अंगावर जाणार आहे ती. मी नाही बसणार तर कोण बसणार?” असं म्हणून खिडकीकडचा काठ धरायची. समोरचा काठ आईचा. वर्षानुवर्षं हेच.

आत्याच्या रागाचं मूळ मला बाबांनी सांगितलं होतं. लग्नाआधी बाबा आत्यानं शिवलेली गोधडी घ्यायचे. आई माहेराहून आपली गोधडी घेऊन आली. बाबा ती पांघरून उठले आणि सकाळी चहा पिताना आत्याला सहज बोलून गेले, “ही जास्त ऊबदार आहे गो.” बोलले आणि विसरले. आत्या विसरली नाही. “माझी गोधडी माळ्यावर गेली ना, तेव्हाच कळलं मला, दादा हातचा गेला,” असं ती मला कितीदा तरी म्हणाली असेल, आणि दरवेळी डोळे असे करायची, जणू गोधडी कालच माळ्यावर गेलीये.

खरं सांगायचं तर आत्याचा हात आईपेक्षा चांगला होता. तिचे टाके तांदळाच्या कणीएवढे, एका ओळीत. पण ती दोरा इतका आवळायची, की तिच्या बाजूची गोधडी ताठ व्हायची. आईचे टाके लांब, सैल, मधूनच वाकडे. पण कापड मऊ राहायचं. एकाच गोधडीला असे दोन स्वभाव. आम्ही झोपताना आईची बाजू गळ्याशी ओढायचो. ते आत्याला कुठून कळायचं कोण जाणे. “आईची बाजू तोंडावर आणि माझी पायाकडे ना? असू दे. लाथा मारा माझ्या टाक्यांना. तुटायचे नाहीत.”

आईही काही साधी नव्हती. आपली ओळ मुद्दाम भरभर संपवायची, कंबर ताठ करत समोर बघायची आणि गोड आवाजात म्हणायची, “वन्सं, होऊ दे तुमचं सावकाश.” आत्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या.

तारोडीची रोझीमावशी आमच्याकडे बोंबील घेऊन यायची. एकदा टोपली उतरवून दारात टेकली आणि पसरलेल्या गोधडीवर हात फिरवत आईला म्हणाली, “माज्या सुनंला पोरगा झालाय. त्याला अशी एक करून दे गो बाय. अशी मऊ दुसऱ्या कुनाची न्हाय.” आत्या समोरच बसलेली. तिनं सुई अशी खुपसली, की तिच्याच बोटात गेली.

बाळाच्या बाप्तिस्म्याचं आमंत्रण आलं. आई छोटी गोधडी पिशवीत घालून मला घेऊन निघाली, तर आत्या बसस्टॉपवर उभी. तिच्याही काखेत पिशवी. तारोडीला पोचेपर्यंत दोघींनी एकमेकींच्या पिशवीकडे पाहिलं नाही. रोझीमावशीनं दोन्ही गोधड्या डोक्याला लावल्या. म्हणाली, “एक खाली अंथरू, एक वर घालू.” माणूस इथे गप्प बसतं. आत्यानं भर पाहुण्यांत विचारलं, “वर कुठली?”

रोझीमावशी बाजारात आयुष्य काढलेली बाई. “वर मऊ पायजे, ती हिची. खाली घट्ट पायजे, पोरगं मुततंय ना. ती तुजी.”

सगळं घर हसलं. आत्या केकसुद्धा न खाता बाहेर येऊन बसली. परतीच्या बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती, आई मनातल्या मनात सुखावलेली. भाईंदर आलं, तेव्हा आत्या एकदम वळली. “खालची रोज धुवावी लागणार. धुऊन धुऊन माझीपण मऊ होईल. आणि तुझी तोवर उसवलेली असेल.” आईचा चेहरा असा उतरला, की मला दोघींमधून उठून दुसऱ्या सीटवर जावंसं वाटलं.

ते जावंसं वाटणं नुसत्या वैतागाचं नव्हतं. मला त्या दोघींचा हेवा वाटायचा. मला काठावर जागा नव्हती. सुईत दोरा ओवून द्यायचा, चहा ठेवायचा, एवढंच माझं काम. मी मोठी झाले, दवाखान्यात नोकरीला लागले, तरी तेच. आई माझ्याशी प्रेमानं वागायची, पण माझ्याशी बोलताना तिचे डोळे कधी असे चमकले नाहीत. आत्याची रिक्षा खाली थांबली, की आई आधी केस नीट करायची.

मग आई आजारी पडली. हातातली ताकद गेली, अंथरुणाला खिळली. त्या वर्षीची गोधडी अर्धी राहिली होती. मी रजा काढली, तिला भरवायचे, पुसायचे. एके दुपारी मी म्हटलं, “आई, उरलेली मी शिवू का?” ती म्हणाली, “नको. वन्संना बोलव.”

आत्या आली. आईला दिसेल अशी गोधडी पसरली आणि आपल्या काठाला बसली. आई उशीवरून बघत होती. जरा वेळानं तिचा बारीक आवाज आला, “वन्सं, वाकडा जातोय टाका.”

“कुठे वाकडा? डोळे गेले का तुझे?”

“तिसरी ओळ. बघा.”

आत्यानं वाकून पाहिलं. टाका सरळच होता, मीही पाहिला. आत्यानं तो उसवला, परत घातला आणि पुटपुटली, “मरायला टेकली तरी खोड जात नाही.” आई हसली. कित्येक दिवसांनी हसली. मी चहाचे कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि माझा नुसता जळफळाट होत होता. इतके दिवस रात्रंदिवस मी केलं, आणि हसू मात्र हिच्या वाट्याला.

गोधडी पुरी व्हायच्या आधीच आई गेली. भेटायला येणाऱ्या बायका आईच्या हाताचं कौतुक करत होत्या. अशी माया, असे सुंदर टाके, एका रेषेत. आत्या भिंतीला टेकून ऐकत होती. शेवटी तिला राहवलं नाही. “मेल्यावर सगळ्यांचेच टाके सरळ होतात,” ती म्हणाली.

बायका चपापल्या. आणि बाबा हसले. हसता हसता त्यांनी टॉवेल तोंडाला लावला, मग खांदे हलायला लागले. आत्या उठून भावाशेजारी जाऊन बसली.

गोधडी गुंडाळलेलीच राहिली. आत्या दर रविवारी यायची, पण तिकडे बघायची नाही. मी म्हटलं, “बस ना, पुरी करू.” तर म्हणायची, “आता कुणाच्या नाकावर टिच्चून शिवू?”

दिवाळीनंतर मीच पलंग उभा केला, गोधडी पसरली आणि आईच्या काठाला बसले. आत्या आली, चप्पल काढून बराच वेळ बघत राहिली. माझे टाके भयंकर होते. लांब, सैल, कुठे दोरा वर लोंबतोय. मी मुद्दाम मान वर केली नाही. आता बोलेल. आता म्हणेल, ही काय गोधडी की जाळं. मी उत्तरही तयार ठेवलं होतं.

आत्या माझ्याजवळ बसली, माझ्या ओळीवरून बोट फिरवलं आणि मायेनं म्हणाली, “छान शिवतेस गो.”

आईला तिनं जन्मात असं म्हटलं नव्हतं. तयार ठेवलेलं माझं उत्तर वायाच गेलं. मी खाली मान घालून पुढचा टाका घेतला. ओळ पाण्यातून दिसावी तशी हलत होती. मला आईचा जितका हेवा वाटला, तितका ती असताना कधी वाटला नव्हता.