झूमच्या कड्यातलं कुंकू

कॅमेऱ्याच्या झूमचं कडं फिरवलं की आजही बारीक करकर ऐकू येते आणि औरादचं आमचं अंगण आठवतं. नवा कॅमेरा पाटावर ठेवला होता. बॅटरी चार्ज केलेली, पट्टा ओवलेला, शेजारी नारळ आणि लिंबू. आमच्याकडे हळदीकुंकू लावल्याशिवाय नवी वस्तू वापरत नाहीत. मी ताट आईपुढे धरलं. वडील गेल्यापासून कुणी तिला कुंकवाला हात लावू दिला नव्हता. काकू म्हणाली, "तिला कामून द्यायलीस? सवाष्णीला बोलव की." मी म्हटलं, "न्हाई काकू. पूजा माझी मायच करंल, न्हाईतर व्हायचीच न्हाई." काकू ताडकन उठून गेली. आईच्या चिमटीतून कुंकू निसटलं आणि थेट झूमच्या कड्यात सांडलं. ती घाबरली. मी ते पुसलंही नाही. तसाच कॅमेरा उचलला आणि पहिला फोटो काढला तो तिच्या लाल झालेल्या बोटांचा. परवा दुरुस्तीवाला म्हणाला, कडं उघडून साफ करून देतो. मी कॅमेरा त्याच्या हातातून परत घेतला.