वळणावरचा नारळ

लालासाब नालबंद मंगळवार पेठेत घोड्यांना नाल ठोकायचा. शाहू महाराजांच्या राज्यात पेठेबाहेर नवा रस्ता झाला आणि ओढ्याजवळच्या वळणावर वर्षात तीन टांगे उलटले. तिसऱ्यात चमन टांगेवाल्याचा पाय मोडला.

"पिऊन हाकतात लेकाचे," रस्ता करणारा ओव्हरशियर म्हणाला. लोक म्हणाले, वळणावर भूत हाय.

लालासाबला दोन्ही पटेना. चमननं जन्मात थेंब तोंडाला लावला नव्हता. "आणि पिलेला माणूस कधी डावीकडं पडंल, कधी उजवीकडं," तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सुनवायचा. "तिन्ही टांगं ओढ्याकडंच कसं पडलं? कुणीतरी खोटं बोलतंय."

अमावस्येला लोकांच्या समाधानासाठी ओव्हरशियर स्वतःच भुतासाठी नारळ घेऊन आला. सगळी पेठ जमली. त्यानं हळदकुंकू लावून नारळ रस्त्याच्या मधोमध ठेवला. नारळ डुलला, घरंगळला आणि थेट ओढ्यात पडला.

"घेतला! भुतानं घेतला!" लोकांनी हात जोडले.

लालासाब शिव्या हासडत ओढ्यात उतरला. नारळ आणून त्यानं पुन्हा तिथंच ठेवला. तो पुन्हा ओढ्यात गेला.

"सायेब, भूत न्हाय. तुमचा रस्ताच ओढ्याकडं कललाय की!"

ओव्हरशियरनं वाकून रस्ता बघितला आणि वहीत काहीतरी टिपून घेतलं. आठ दिवसांनी वळणावर गवंडी काम करून गेल्याचं कळलं, तसा लालासाब हातातलं काम टाकून धावला.

नारळ घरंगळू नये म्हणून गवंड्यांनी रस्त्याकडेला पातळी बघायची पाणसळ लावून एक सपाट कट्टा बांधला होता. रस्ता तसाच होता.